सुकलेली कणीक आणि २३ मिनिटांचं गाणं

पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे धुमा म्हणतात त्या चामड्याच्या तोंडावर, थापलेली कणीक तासाभरात सुकायला लागते. पंखा चालू असेल तर त्याच्याही आधी. कडा पांढरट होतात, बारीक भेगा पडतात, वजन घटतं आणि धुम्याचा सूर हळूच वर सरकतो. भजनाच्या बारीत याचं कुणाला काही वाटत नाही. बुवांचा गजर रंगात आलेला असताना पखवाजी ओला हात फिरवतो, दोन थापा मारून बघतो आणि पुढे जातो. स्टुडिओत मात्र सकाळी दहाच्या टेकचा (एकदा सलग वाजवून घेतलेल्या रेकॉर्डिंगचा) पहिला भाग आणि साडेअकराच्या टेकचा दुसरा भाग जोडायला घेतला की सांधा नेमका तिथे उघडा पडतो. गिटार जुळते, लय जुळते, पण ‘धा’चं पोट बदललेलं असतं. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कान अडखळतो.

कोकणात पेटी, पखवाज, झांज घेऊन आणि त्यांना बेस, इलेक्ट्रिक गिटार जोडून जॅम बँड, म्हणजे गाण्यातून बाहेर पडून उत्स्फूर्त वाजवत जाणारा बँड, काढलेल्या पोरांनी अल्बमचा विचार या कणकेपासून करावा असं मला वाटतं. कव्हरवर होडी असावी की माड, हे नंतर बघता येतं.

जॅम म्हणजे काय हे मालवणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ती गजाल असते. सांगणारा सुरमईचा भाव विचारायला निघतो, वाटेत कुणाच्या तरी लग्नात शिरतो, तिथून दहा वर्षांमागच्या पुरात, आणि आता हा हरवला असं वाटतं तेवढ्यात पुन्हा सुरमईवर येऊन टेकतो. दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. पेटीवाल्याने कुठे चढायचं आणि मृदंगाने कुठे गप्प बसायचं, हेही तिथेच कळावं लागतं. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवांनी काय टाकलं त्यावर आपलं उत्तर. तेव्हा सिंधुदुर्गातल्या पोराला उत्स्फूर्त वाजवायला शिकवण्यासाठी बाहेरून कुणी यायची गरज नाही. त्याला अवघड जातो तो स्टुडिओ.

ज्यांनी ही पद्धत रूढ केली त्यांनाही तो अवघडच गेला होता. ग्रेटफुल डेड हा या पंथाचा मूळपुरुष, १९६५चा, कॅलिफोर्नियातला. त्यांचं ‘डार्क स्टार’ १९६८मध्ये सिंगल म्हणून निघालं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपत होतं. पुढच्या वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर तेच गाणं २३ मिनिटांचं झालं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हे. त्याच १९६९मध्ये एका स्टुडिओ अल्बमसाठी त्यांनी ८ ट्रॅकवर (आठ आवाज वेगवेगळे ठेवणाऱ्या टेपवर) केलेलं काम बाजूला ठेवून नव्याने आलेल्या १६ ट्रॅकच्या मशीनवर सगळं पुन्हा वाजवलं. खर्च डोक्यावर बसला. १९७०मध्ये शहाणपण आलं. छोटी गाणी, आधी घोटून केलेली तालीम आणि थोड्या दिवसांत रेकॉर्डिंग पूर्ण. व्हरमाँटच्या फिश या बँडने एकदा उलटी वाट धरली. १९९७मध्ये स्टुडिओत तासन्‌तास नुसतं वाजवलं, त्यातले बरे तुकडे वेचले आणि त्यांतून १९९८च्या अल्बममधली बरीच गाणी बांधली.

आपल्याकडे हे कोडं त्याहून जुनं आहे. १९०२मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचा आवाज तबकडीवर चढला तेव्हापासून आपल्या गायकांना तीन मिनिटांत राग बसवावा लागला. तासाभराचा पसारा ज्यांनी तेवढ्यात मावेल असा रचला, त्यांच्या तबकड्या अजून ऐकवतात. मैफिलीचा नुसता लचका तोडून दिलेल्या तबकड्या ऐकताना मात्र गाणारा घाईत असल्यासारखा वाटतो. जॅम बँडचं पहिलं रेकॉर्डिंग फसतं ते बहुधा असंच. वाजवणारी पोरं बरी असतात, पण कुठून निघायचं आणि कुठल्या खुणेवर परत यायचं हे आधी ठरलेलं नसतं. मंचावर समोरची माणसं ते सांभाळून घेतात. माईक सांभाळून घेत नाही.

आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर विसरून जा. मंगलोरी कौलांवर पाऊस पडत असताना रेकॉर्डिंग करणं म्हणजे प्रत्येक ट्रॅकवर एक जास्तीचा वादक, तोही बेताल. शिवाय दमट हवेने पुड्या ढिल्या पडतात. गठ्ठे, म्हणजे वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे, कितीही ठोका, तासाभरात सूर उतरतोच. उन्हात ठेवून पुडी ताणली जाते खरी, पण फार तापली तर तिच्यावरचा काळा लेप, म्हणजे शाई, तडकते. मार्चमध्ये शिमग्याचे ढोल, एप्रिल-मेमध्ये आंबा-काजूच्या बागा. निम्मा बँड हजर नसतो. राहतो तो डिसेंबर-जानेवारी. तेव्हा जत्रा असतात आणि रात्रभर लाउडस्पीकर, म्हणून रात्रीवर भिस्त ठेवू नका. रातकिड्यांचा आवाज साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे गळ्याची धार आणि झांजेची चमक असते बरोबर तिथेच. इक्वलायझरने तो काढायला गेलात तर गाणंही निघून जातं. समुद्राची घरघर त्या मानाने सोपी. ती खालच्या पट्टीत असते, बेस आणि धुमा सोडून बाकीच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापलं की बरीच उतरते.

किनाऱ्यावर एक वेळ मात्र हुकमी असते. सकाळी मतलई वारा मंदावलेला असतो आणि खाऱ्या वाऱ्याने अजून जोर धरलेला नसतो, तो मधला तास-दीड तास. झावळ्या गप्प असतात. लांब जॅम त्या वेळेत घ्यायचं, आणि दुपारी माड सळसळायला लागले की इलेक्ट्रिक गिटारचे जास्तीचे ट्रॅक, बेसची दुरुस्ती असली बाहेरचं ऐकू न येणारी कामं काढायची.

खोलीबद्दल फार बोललं जातं, त्यातलं निम्मं फोमच्या जाहिरातींमुळे. चिऱ्याचं जुनं घर असेल तर अर्धं काम झालेलं असतं. गिलावा न केलेला जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, आवाज सरळ परत फेकत नाही. छप्पर उतरतं असल्याने जमिनीला समांतर येत नाही. अडचण करतात त्या समोरासमोरच्या भिंती. १२ फूट रुंदीच्या माजघरात साधारण ४७ हर्ट्झला हवा स्वतःच घुमते. बेसच्या सगळ्यांत जाड तारेवर दुसऱ्या फ्रेटचा सूर ४६ हर्ट्झच्या जवळ पडतो. म्हणजे तो एकच सूर भांड्यात दगड टाकल्यासारखा गडगडणार, आणि शेजारचे दोन सूर त्याच्यापुढे बारीक वाटणार. पोरं बेस बदलतात, अँप्लिफायर बदलतात, वाजवणाऱ्याला दोष देतात. बेसची केबल थेट इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रात) घाला आणि ऐकण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवा. कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत १०० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल (दगडी लोकर) कापडात शिवून उभा केला तर उत्तम. गवताच्या पेंढ्याही थोडंफार काम करतात, फक्त तिसऱ्या दिवशी उंदीर साथीला येतात.

न्हाणीघर रिकामं ठेवा. तिथे एक स्पीकर आणि एक माईक ठेवून गळा किंवा झांज त्यातून फिरवून आणली की जी घुमी मिळते ती संगणकातल्या कुठल्याही प्लगिनपेक्षा त्या घराची वाटते. बादली तेवढी बाहेर काढा. ती तिच्या सुरात बोलते.

खारी हवा सामानाला खाते. कंडेन्सर माईकमध्ये दमटपणा शिरला की तो मध्येच फट-फट करतो, आणि अख्ख्या टेकमध्ये असा एक फटाका पुरतो. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचे, आणि टेकच्या आधी अर्धा तास ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला जाणारी वीज) चालू करून गरम होऊ द्यायचे. डायनॅमिक माईकना ही नाटकं नसतात, म्हणून धुम्यावर आणि अँप्लिफायरवर तेच बरे. जॅक आणि पिना आदल्या दिवशी कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या. हिरवा थर दिसत नसला तरी असतो. लॅपटॉप आणि इंटरफेस यूपीएसवर घ्या. साध्या इन्व्हर्टरवर गिटारचे पिकअप गुणगुणायला लागतात.

आता सूर. बँडमध्ये पेटी असेल तर ट्यूनरवर आंधळा विश्वास नको. पेटीचे सूर पक्के असतात आणि तिचा ए ट्यूनरसारखा ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. आधी पेटीचा ए मोजायचा. समजा ४४२ निघाला, तर ट्यूनरचा आधार ४४२ करून बाकी सगळ्यांनी तिच्याशी मिळवायचं. तासाभराने पुन्हा. दुसरं, गिटारवाल्या पोरांना ई आणि ए प्यारे, बुवांची पट्टी बहुधा काळी एक, म्हणजे सी शार्प. भांडण नको: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सीचा आकार धरला की काळी एक मिळते. पण पखवाज एका पुडीवर स्वर-दीड स्वरापेक्षा जास्त हलत नाही. चार गाणी चार पट्ट्यांत बांधली असतील तर चार पखवाज हवेत, किंवा एका पट्टीची सगळी गाणी एकाच दिवशी घ्यायची. अल्बमचा क्रम वेगळा असला तरी रेकॉर्डिंगचा क्रम पुडी ठरवते.

पखवाजाला दोन माईक, दोन्ही पुड्यांपासून वीतभर. इथे सगळ्यांचं एक चुकतं. शाईवर थाप पडली की ती पुडी आत दबते, आतली हवा धुम्याची पुडी बाहेर ढकलते. एका माईकपासून पुडी लांब जाते त्याच क्षणी दुसऱ्याकडे दुसरी येते. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की खालचा आवाज एकमेकांना खातो आणि पखवाज डब्यासारखा वाजतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून बघा, एक बटन दाबायचं काम आहे. पोट परत येतं. पेटीला माईक वरून, फूट-सव्वा फुटावर, भात्याच्या बाजूने नव्हे. टाळ आणि झांज सगळ्यांच्या मागे, आठ-दहा फुटांवर. जवळ बसवले तर ते प्रत्येक माईकमध्ये शिरतात आणि मग मिक्समध्ये काहीही वर करा, झांजच वर येते.

सगळ्यांना एका खोलीत बसवायचं की वेगळं? स्टुडिओवाले वेगळं सांगतात, कारण दुरुस्ती सोपी जाते. पण जॅममध्ये निम्मी भाषा डोळ्यांची असते. पेटीवाल्याने मान हलवली, पखवाजी ओठ मुडपून हसला, आणि सगळे वळले. फळ्यांच्या आड बसून हेडफोनवर हे दिसत नाही, आणि वळण दोन आवर्तनं उशिरा येतं. माझं मत असं: गिटारचा अँप्लिफायर लांब केबलने पडवीत टाका, दार लावा, आणि माणसं मात्र माजघरात गोल बसवा. गळाही तात्पुरताच गा, खरा नंतर. जे उत्स्फूर्त आहे तेवढं एकत्र घ्यायचं. कोरस, जास्तीचे टाळ, दुसरी गिटार सावकाश वर चढवता येते.

परतीची खूण डोळ्यांवर सोडू नका, ती वाजवून ठेवा. फिशवाल्यांनी यासाठी आपसांत ठरवलेले छोटे सांगीतिक इशारे वापरले. आपल्याकडे तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, आयती आहे. एक तिहाई ‘गाण्यावर चला’ म्हणून, दुसरी ‘लय चढवा’ म्हणून, आणि एक पेटीची चार सुरांची खूण ‘पखवाज सोडून सगळे थांबा’ म्हणून. तीन पुरेत. सातव्या खुणेला कुणीतरी विचारणारच, “खंयची रे ही?” तालमीत जॅम घोटू नये, शिळं होतं. या तीन खुणा आणि त्यानंतरची दोन-दोन आवर्तनं मात्र डोळे मिटून येईपर्यंत घोटावीत. झोपेतून उठवलं तरी यावीत.

क्लिकचं, म्हणजे हेडफोनमध्ये लय देणाऱ्या टिकटिकीचं, काय? गाण्याच्या भागाला ठेवा, जॅम सुरू झालं की बंद करा. आपलं भजन मुळात चढत्या लयीचं आहे. क्लिकवर बांधलेला गजर हा गजर राहत नाही. फक्त लय किती चढते हे माहीत असावं. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं होतं. २२ मिनिटांचा टेक म्हणजे २६४ आवर्तनं, आणि ती सगळी ऐकण्यासारखी असतील अशी अपेक्षा वाजवणाऱ्याच्या आईनेही ठेवू नये.

एका गाण्याचे तीनच टेक घ्या. चौथ्यात पोरं पहिल्याची नक्कल करतात. प्रत्येक टेकच्या आधी कणीक बदलायची किंवा निदान ओल्या फडक्याने झाकून ठेवायची, आणि रोज तेवढाच गोळा घ्यायचा. वजनकाटा आणला तरी हसू नये. न वाजवणारा एक जण वही घेऊन बसलेला हवा. वहीत असं काही पडतं:

‘टेक १. ४:१० पेटी एकटी, छान. ६:४५ सगळे एकमेकांची वाट बघतायत. ९:०५ बेसने खर्ज धरला, ठेवा. १२:१५ ढकलाढकली. १९:३० तिहाई, झांज पुढे गेली. टेक २. शेवट बरा, तिहाई साफ.’

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर १६ ट्रॅक म्हणजे मिनिटाला साधारण १३८ एमबी, तासाला सव्वाआठ जीबीच्या वर. रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर प्रत, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी.

मग आठ-दहा दिवस काही ऐकायचं नाही. ताज्या कानाला वाजवतानाचा आनंद ऐकू येतो, आवाज ऐकू येत नाही.

कापाकापीला बसल्यावर वरची वही उघडायची. गाणं ०:०० ते ३:२०. पेटी ४:१० ते ६:४५. बेसचा खर्ज ९:०५ ते १२:१५. शेवट दुसऱ्या टेकमधला, १ मिनिट २५ सेकंदांचा. बेरीज साडेदहा मिनिटं. २२ मिनिटांच्या टेकमधलं निम्म्याहून जास्त गेलं म्हणून हळहळ वाटते, ती एक दिवस टिकते. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९७०च्या ‘बिचेस ब्रू’मध्ये निर्माता टिओ मासेरोने टेप कापून आणि जोडून रचना उभ्या केल्या. वाजवलेलं कापणं म्हणजे फसवणूक असं म्हणणाऱ्यांनी तो अल्बम ऐकून मग वाद घालावा.

सांधा समेवर घालायचा, पण कात्री समेच्या ५ ते १० मिलिसेकंद आधी. येणारी थाप सांध्याला झाकून टाकते. क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा चढण्याची जागा, १०-२० मिलिसेकंदांचा पुरे. सगळे १६ ट्रॅक एकाच जागी कापायचे. नुसती पेटी कापली तर जुन्या पेटीचं भूत पखवाजाच्या माईकमधून ऐकू येत राहतं. मोठा शत्रू म्हणजे झांज. तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तीन-चार सेकंद लांबते, आणि मधेच कापली की पडदा फाटल्यासारखी ऐकू येते. म्हणून घोटलेल्या त्या तीन खुणांच्या आधी झांजवाल्याने मुठीत झांज दाबायची सवय तालमीतच लावून घ्यावी. हे एक केलं तर एडिटिंगचे दोन दिवस वाचतात.

दुसरी अडचण लयीची. ६:४५ला लय १०० असेल आणि ९:०५ला १०६, तर एका मात्रेत ३४ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि सांध्यावर पाय घसरतो. संगणकाने ताणून जुळवता येतं, पण दोन टक्क्यांपलीकडे ताणलं की झांज चिखलात पडल्यासारखी होते. त्यापेक्षा पखवाज गप्प असलेली जागा शोधा. पेटी एकटी आस धरून असते तिथे लय मोजायला कुणी नसतं. नवी लय घेऊन पखवाज आत आला की ती चढल्यासारखी वाटते, तुटल्यासारखी नाही. अशी जागा मिळत नसेल तर तो तुकडा सोडून द्यावा, कितीही आवडता असला तरी.

मिक्सबद्दल एवढंच, की आवाज दाबून सपाट करू नका. स्पॉटिफाय गाण्याची पातळी उणे १४ लुफ्सच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, त्यामुळे ठासून भरलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि हळू सुरू होऊन चढणारं जॅम उलट जास्त चढतं. तिथे ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते, गाणं तीन मिनिटांचं असो की साडेदहाचं. या हिशेबाने जॅमचे चार तुकडे करून टाकावेत असं सांगणारा कुणीतरी शहाणा प्रत्येक बँडला भेटतो. विनाइल काढायचं झालं तर एका बाजूला २० मिनिटांच्या आसपास धरा. जास्त भरलं की खाचा अरुंद होतात आणि सगळ्यात आधी धुमा पातळ होतो.

राहता राहिला शेवट. शेवटच्या समेनंतर झांजेची आस पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे निदान आठ सेकंद, कुणी हलायचं नाही, पेटीचा भाता सोडायचा नाही, कणकेला हात लावायचा नाही. हे सगळ्यांना बजावून सांगितलेलं असतं. तरीही साधारण सहाव्या सेकंदाला ट्रॅक ११वर, पखवाजाच्या माईकमधून, स्वच्छ ऐकू येतं, “बरा झाला मां?”